क्रमांक आहे, अर्थ हरवला: ‘संदेश सापडला नाही’ या वाक्याचा इतिहास

१/
गेल्या वर्षी परीक्षा शुल्क भरण्याच्या शेवटच्या दिवशी मी एका कार्यालयाच्या खिडकीसमोर उभी होते. पडद्यावर एक क्रमांक उमटला आणि त्यापुढे इंग्रजीत एवढेच आले की, या क्रमांकाचा संदेश सापडला नाही. मी विचारले, “काका, म्हणजे काय झालं?” खिडकीतले काका चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, “अगं, काहीतरी बिघडलंय एवढं ह्याला कळतंय. काय बिघडलंय ते लिहिलेला कागद मात्र ह्याच्याकडून हरवलाय.”

२/
इतकी नेमकी व्याख्या मला नंतर कोणत्याही तांत्रिक पुस्तिकेत आढळली नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा अनुभव नवा नाही. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. सूचीत क्रमांक असावा आणि रुमालात कागद नसावा, किंवा कागद असावा आणि मोडी वाचणारा नसावा, हे दुःख आपल्या परिचयाचे आहे. संगणकाच्या जगात तेच दुःख कसे आले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हा आजच्या धाग्याचा विषय.

३/
आरंभ संगणकापासून होत नाही. तो तारायंत्रापासून होतो. १८७० साली मुंबई समुद्राखालच्या तारेने लंडनशी जोडली गेली. तारेचा दर शब्दागणिक आणि तोही चढा. व्यापाऱ्यांनी यावर तोडगा काढला. एका शब्दात संपूर्ण वाक्य बसवणारे सांकेतिक कोश छापले जाऊ लागले. तारेतून जाई एक निरर्थक वाटणारा शब्द. त्याचा अर्थ दोन्ही टोकांना ठेवलेल्या जाडजूड पुस्तकात असे. संदेश आणि अर्थ यांची ताटातूट ही अशी काटकसरीतून झाली.

४/
या व्यवस्थेचा धोका एका खटल्यात लख्ख दिसतो. १८८७ साली फिलाडेल्फियाचा लोकर व्यापारी फ्रँक प्रिमरोज याने कॅन्सस राज्यातील आपल्या अडत्याला सांकेतिक तार केली. तिच्यात ‘बे’ असा शब्द होता. कोशाप्रमाणे त्याचा अर्थ, ‘मी खरेदी केली आहे’. पोहोचताना त्या शब्दाच्या मधल्या एका अक्षराच्या सांकेतिक खुणेत एक टिंब वाढले आणि ‘बे’चे ‘बाय’ झाले. इंग्रजीत त्याचा अर्थ, ‘खरेदी कर’. अडत्याने आज्ञा मानली आणि सुमारे तीन लाख पौंड लोकर विकत घेतली.

५/
प्रिमरोजचे वीस हजार डॉलरहून अधिक नुकसान झाले. खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १८९४ साली निकाल लागला: तारेच्या कागदामागे छापलेल्या अटींनुसार, जादा पैसे भरून तार उलट पडताळून घेतली नसेल तर कंपनीची जबाबदारी तारेच्या शुल्कापुरतीच. ते शुल्क होते १ डॉलर १५ सेंट. येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवू. पहिली: अर्थ न लागण्यापेक्षा चुकीचा अर्थ लागणे अधिक घातक. दुसरी: किंमत मोजतो तो रांगेतला शेवटचा माणूस.

६/
आता १९६४ सालाकडे येऊ. ७ एप्रिल रोजी आयबीएमने सिस्टीम/३६० ही संगणकांची मालिका जाहीर केली. बँका, विमा कंपन्या आणि सरकारी खाती यांचे हिशेब पुढे अनेक दशके या घराण्याच्या यंत्रांवर चालले. मालिकेतील धाकट्या मॉडेल ३०ची स्मृती ८ ते ६४ किलोबाइट एवढी होती. हिशेब करून पाहा: साठ अक्षरांचे एक वाक्य, अशी हजार वाक्ये, म्हणजे साठ हजार बाइट. केवळ चुकांची वर्णने ठेवली असती तर मॉडेल ३०ची मोठ्यात मोठी स्मृतीही जवळजवळ भरून गेली असती.

७/
म्हणून आयबीएमने जुन्या तारवाल्यांचाच मार्ग धरला. यंत्र क्रमांक आणि जेमतेम एखादी त्रोटक ओळ छापे; सविस्तर अर्थ ‘मेसेजेस अँड कोड्स’ या नावाच्या पुस्तिकांत असे. क्रमांकाची रचना मात्र विचारपूर्वक केलेली होती. पहिली तीन अक्षरे सांगत की बोलणारा विभाग कोणता. अखेरचे अक्षर सांगे की ऐकणाऱ्याने काय करायचे. ‘आय’ म्हणजे केवळ माहिती, ‘ए’ म्हणजे तत्काळ कृती, ‘डी’ म्हणजे निर्णय. पुस्तिका हाताशी नसली तरी एवढे तरी कळावे, ही दूरदृष्टी त्यात होती.

८/
काही संकेत मात्र निव्वळ आकड्यांचे. त्यांतला सर्वांत कुप्रसिद्ध ‘०सी७’. अर्थ साधा: जिथे दशमान संख्या अपेक्षित होती तिथे संख्या नसलेले काहीतरी सापडले. पगारपत्रकातील एक रकाना कोणी रिकामा सोडला की मध्यरात्री साऱ्या पगाराचे काम थांबे आणि कागदावर एवढेच छापले जाई. कोबोल भाषेत काम करणाऱ्यांच्या कित्येक पिढ्यांना हा संकेत तोंडपाठ झाला. पुस्तिका न उघडता त्या अर्थ सांगत. म्हणजे अर्थ आता पुस्तकातून माणसांच्या डोक्यात गेला होता.

९/
अर्थ माणसाच्या डोक्यात असणे किती मोलाचे ठरू शकते, हे २० जुलै १९६९ रोजी साऱ्या जगाने पाहिले. बहुतेकांना कळले मात्र नाही. अपोलो ११चे चांद्रयान उतरत असताना संगणकाने धोक्याचा इशारा दिला: १२०२. त्या यंत्राच्या पडद्यावर वाक्य दाखवण्याची सोयच नव्हती, केवळ अंक उमटत. नील आर्मस्ट्राँग यांनी पृथ्वीकडे विचारणा केली की या १२०२चा अर्थ काय. उत्तर येण्यास सेकंदांचाच अवधी होता.

१०/
ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षात मार्गदर्शन विभागाचा अधिकारी स्टीव्ह बेल्स, वय २६. त्याच्या पाठीशी दुसऱ्या खोलीत जॅक गारमन, वय २४. उड्डाणापूर्वीच्या एका सरावात अशाच इशाऱ्याचा अर्थ न कळल्याने मोहीम विनाकारण रद्द करण्याचा निर्णय दिला गेला होता. त्यानंतर उड्डाणप्रमुख जीन क्रँझ यांनी प्रत्येक इशाऱ्याचा छडा लावण्यास सांगितले आणि गारमनने सर्व क्रमांकांची यादी हाताने लिहून काढली. त्या यादीनुसार १२०२ म्हणजे, संगणकावर कामाचा भार अधिक झाला आहे. इशारा सतत येत नसेल तर पुढे जाण्यास हरकत नाही. यान उतरले.

११/
या प्रसंगाचे वर्णन बहुधा शौर्यकथा म्हणून होते. मला त्यात एका दप्तराची कथा दिसते. यंत्राकडे क्रमांक होता, अर्थ नव्हता. अर्थाची सूची कोणीतरी वेळेआधी तयार केली, योग्य माणसाच्या टेबलावर ठेवली आणि त्या माणसाच्या शब्दावर वरिष्ठांनी विश्वास ठेवला. या तीन दुव्यांपैकी एक जरी निखळला असता तर १२०२ हा निव्वळ आकडा राहिला असता.

१२/
तो दुवा निखळला की काय होते, याचे उत्तर सतरा वर्षांनंतरचे आहे आणि ते वाचवत नाही. थेराक-२५ हे कर्करोगावरील किरणोपचाराचे संगणकनियंत्रित यंत्र. मार्च १९८६, टेक्सासमधील टायलर शहर. उपचार सुरू असताना पडद्यावर उमटले: ‘मालफंक्शन ५४’. चालकाला दिलेल्या पुस्तिकेत या क्रमांकाचे स्पष्टीकरण नव्हते. असे त्रोटक संदेश दिवसातून अनेकदा येत आणि एक कळ दाबली की काम पुढे चालू होई. या वेळीही चालकाने ती कळ दाबली.

१३/
प्रत्यक्षात रुग्णाला ठरलेल्या मात्रेच्या कित्येक पट किरणोत्सर्ग मिळाला होता. पुढच्याच महिन्यात त्याच ठिकाणी, त्याच क्रमांकासह, दुसरा अपघात झाला. दोन्ही रुग्ण दगावले. १९८५ ते १९८७ या काळात या यंत्राच्या अशा सहा दुर्घटना नोंदवल्या गेल्या. मूळ दोष कार्यक्रमाच्या रचनेत होता. संदेशाने तो निर्माण केला नव्हता. पण ‘५४’ या आकड्यापुढे ‘मात्रा अतिशय अधिक किंवा अतिशय कमी’ एवढे शब्द असते, तर त्या कळेवरचे बोट थबकण्याची शक्यता होती.

१४/
टायलरच्या रुग्णालयातील भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्झ हेगर यांनी पुढे जे केले ते प्रत्येक शोधकाने अभ्यासावे. त्यांनी चालकाला सोबत घेतले, तिने नेमक्या कोणत्या कळा कोणत्या क्रमाने आणि किती वेगाने दाबल्या ते पुन्हा पुन्हा करवून घेतले, आणि अखेर ‘मालफंक्शन ५४’ हवे तेव्हा निर्माण करून दाखवले. अर्थ सूचीत नव्हता, म्हणून त्यांनी तो घटनेतून बाहेर काढला. साधने गप्प असतील तेव्हा आपणही याहून वेगळे काय करतो?

१५/
आता ज्या संगणकप्रणालींवर आजच्या कंपन्या चालतात त्यांच्याकडे वळू. १९७२ साली जर्मनीत आयबीएममधून बाहेर पडलेल्या पाच जणांनी ‘सॅप’ची स्थापना केली. १९९२ साली तिची आर/३ ही प्रणाली बाजारात आली. हिशेब, खरेदी, गोदाम, पगार हे सारे एकाच छताखाली. आता स्मृतीची टंचाई तेवढी उरली नव्हती. तरीही संदेश कार्यक्रमाबाहेरच ठेवले गेले. कारण बदलले होते. तोच कार्यक्रम जर्मन, इंग्रजी, जपानी अशा अनेक भाषांत बोलायला हवा होता.

१६/
सॅपमध्ये हे संदेश ‘टी१००’ नावाच्या तक्त्यात राहतात. प्रत्येक ओळीची ओळख तीन गोष्टींनी पटते: भाषा, संदेशाचा वर्ग आणि ००० ते ९९९ यांमधील क्रमांक. मजकुराची मर्यादा ७३ अक्षरे. त्यात ग्राहकाचे नाव किंवा रक्कम भरण्यासाठी चार मोकळ्या जागा. रुमाल, फडताळ आणि कागद यांची जी व्यवस्था दप्तरखान्यात, तीच ही. आणि ओळ सापडली नाही की पडद्यावर वाक्याऐवजी केवळ प्रकार, वर्ग आणि क्रमांक येतो. दप्तरी भाषेत सांगायचे तर, फक्त रुमाल क्रमांक.

१७/
ओळ हरवते कशी? कारणे बहुधा नाट्यमय नसतात. कंपनीने स्वतःसाठी लिहिलेला नवा कार्यक्रम चाचणीच्या यंत्रावरून प्रत्यक्ष कामाच्या यंत्रावर नेला, पण त्याचे संदेश नेण्याचे राहून गेले. किंवा मजकूर एका भाषेत लिहिला, दुसऱ्या भाषेत रूपांतर झालेच नाही. स्थलांतरात मुख्य दप्तर पोहोचले आणि सूचीची वही जुन्या वाड्यातच राहिली, असाच हा प्रकार.

१८/
ओरॅकलच्या विदागारात हीच गोष्ट आणखी बोधप्रद होते. क्रमांक १०३४चा अर्थ आहे, ‘विदागार उपलब्ध नाही’. हा मजकूर वेगळ्या संदेश फाइलीत असतो आणि त्या फाइलीचा पत्ता ‘ओरॅकल होम’ या स्थाननिर्देशावरून मिळतो. तो निर्देश चुकला, तर पडद्यावर येते की संदेश १०३४ सापडला नाही. पाहणारा संदेश शोधत बसतो. वास्तविक येथे दोन बिघाड आहेत: विदागार बंद आहे ही मूळ घटना, आणि तिचे वर्णन करणारा कागद न सापडणे ही नंतरची. दुसरी घटना पहिलीला झाकून टाकते.

१९/
इतिहासकाराला सर्वांत अस्वस्थ करणारे उदाहरण मात्र विंडोजचे. १९९३ साली आलेल्या विंडोज एनटीमध्ये घटनांची नोंदवही ठेवण्याची पद्धत आली. नोंदीत वेळ, स्रोत, क्रमांक आणि काही बदलते शब्द एवढेच जतन होते. पूर्ण वाक्य त्या त्या कार्यक्रमासोबत आलेल्या वेगळ्या फाइलीत असते. कार्यक्रम काढून टाका, किंवा तीच नोंदवही दुसऱ्या यंत्रावर उघडा: उत्तर येऊ शकते की, या घटनेचे वर्णन सापडत नाही. दप्तर अक्षरशः सुरक्षित आणि तरीही मुके.

२०/
उद्याच्या इतिहासकारांपुढे या काळाची असंख्य दप्तरे अशीच उभी राहणार आहेत. बँकेचा व्यवहार का नाकारला गेला, लाभार्थ्याचे नाव का गळले, याची नोंद असेल. पण ती एका क्रमांकाच्या रूपात. तो क्रमांक उलगडणारी सूची जपली नाही, तर मोडी न येणाऱ्या माणसाने रुमाल उघडावा तशी त्यांची गत होईल. मोडीला निदान पिढ्यान्‌पिढ्या वाचणारे होते. एखाद्या बंद पडलेल्या कार्यक्रमाच्या सूचीला कोण आहे?

२१/
यावर एक सुज्ञ तोडगाही निघाला होता. १९९०च्या दशकात रुळलेल्या ‘गेटटेक्स्ट’ या पद्धतीत क्रमांकच नसतो. मूळ इंग्रजी वाक्य हीच त्याची ओळख. मराठी अनुवाद सापडला तर मराठी दिसते, न सापडला तर इंग्रजी वाक्य जसेच्या तसे दिसते. मुक्त प्रणालींचा मराठी अनुवाद करणाऱ्यांना हे ठाऊक आहे: मराठी ओळ रिकामी सोडली तरी वापरणाऱ्याच्या हाती काहीतरी अर्थ उरतो. अर्थात, तो इंग्रजी वाचणाऱ्याच्याच. किंमत मोजणारा शेवटचा माणूस येथेही तोच.

२२/
या साऱ्या इतिहासातून दोषशोधनाची जी रीत हाती येते, ती आपल्या साधनचिकित्सेहून फारशी वेगळी नाही.
• क्रमांक जसाच्या तसा उतरवून घ्या. आधीची अक्षरे, वेळ, भोवतीचे शब्द यांसह. ‘काहीतरी एरर आला’ हे साधन नव्हे.
• मूळ बिघाड आणि संदेश न सापडण्याचा बिघाड वेगळे करा. नोंदवहीत त्याच्या आधीच्या ओळी वाचा.
• सूची कोठे असायला हवी आणि यंत्र ती कोठे शोधत आहे, हे ताडून पाहा. वाचण्याची परवानगी आहे का, तेही पाहा.

२३/
• भाषा बदलून पाहा. इंग्रजीत मजकूर येत असेल तर उणीव अनुवादाची आहे.
• कार्यक्रम आणि सूची एकाच आवृत्तीचे आहेत ना, हे तपासा. नवा कार्यक्रम आणि जुनी सूची यांतून कधी संदेश हरवतो, तर कधी दुसऱ्याच बिघाडाचे वाक्य समोर येते. प्रिमरोजचे ‘बे’ आणि ‘बाय’ आठवा.
• तरीही अर्थ लागला नाही तर हेगर यांचा मार्ग: घटना पुन्हा घडवा, आणि जिच्या हातून ती घडली तिला सोबत घ्या. कळ दाबणाऱ्या माणसाइतका जवळचा साक्षीदार दुसरा नसतो.

२४/
येथे एक गोष्ट आग्रहाने मांडते. ‘संदेश सापडला नाही’ हे वाक्य त्रासदायक असले तरी प्रामाणिक आहे. आपल्याला ठाऊक नाही, हे यंत्र कबूल करते. धोका त्यापुढच्या टप्प्यावर असतो: हे वाक्य रोज दिसू लागते, कोणी दखल घेत नाही, आणि माणसे कळ दाबून पुढे जाण्यास सरावतात. टायलरमध्ये यंत्र बोलले होते. पण त्याचा शब्द समजण्याची सोय कोणी केली नव्हती, आणि न समजण्याची सवय मात्र सर्वांना लावली होती.

२५/
त्या दिवशी माझे काय झाले? काकांनी तो क्रमांक एका चिठ्ठीवर उतरवून घेतला आणि आतल्या खोलीत फोन लावला. अर्ध्या तासाने उलगडा झाला: नवे शैक्षणिक वर्ष प्रणालीत उघडलेलेच नव्हते. ते सांगणारा संदेश लिहिलेला होता. पण यंत्र बदलताना संदेशांचा कप्पा नव्या जागी नेण्याचे राहून गेले होते. वर्ष उघडले, शुल्क भरले गेले. माझ्या मागे रांगेत चौदा जण होते. अंतिम मुदत कोणी वाढवली नव्हती.

२६/
निघताना पाहिले, काकांच्या टेबलाच्या काचेखाली एक कागद होता. त्यावर निळ्या शाईत क्रमांक आणि त्यांच्यापुढे मराठीत अर्थ: ‘पावती पुस्तक संपले’, ‘नाव दोनदा’, ‘तारीख उलटी’. सर्वांत खाली त्यांनी नुकताच नवा क्रमांक लिहिला होता आणि त्यापुढे, ‘वर्ष उघडलेले नाही’. मला गारमनची यादी आठवली. काका पुढच्या वर्षी निवृत्त होत आहेत. त्यांच्या परवानगीने मी त्या कागदाचे छायाचित्र घेऊन ठेवले आहे.

२७/
तुमच्या कार्यालयात, बँकेत, महाविद्यालयात अशी एखादी काचेखालची यादी असेल तर ती जपा. तिच्यावर तारीख आणि लिहिणाऱ्याचे नाव घाला. ती या काळाचे अस्सल साधन आहे. अशी यादी पाहिली असेल तर जरूर कळवा. व्यक्तींचे तपशील वगळून त्यांवर पुढचा धागा लिहीन. धागा समाप्त.